सोंवळ्या बोटावरील साखर

दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणांतली गोष्ट. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्वजण दादा म्हणतात, त्यांनीं सोमवारचा अभिषेक यथासांग केला, आरती झाली, पंचामृत वांटून झालें, आणि नित्याप्रमाणें ते ओसरीवरील झोंपाळ्यावर बसून बोट टोंचूं लागले. दादांचें वय बहात्तर. मधुमेह जडून एकोणीस वर्षें झालेलीं, आणि गेलीं सहा वर्षें इन्सुलिन चालू. जेवणापूर्वीं रक्तांतील साखर पाहावयाची आणि डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या तक्त्यावरून इन्सुलिनची मात्रा कमीजास्त करावयाची, असा त्यांचा क्रम आहे. सकाळीं उपाशीपोटीं यंत्रानें १२६ हा आंकडा दाखविला होता. आतां त्यानें ३४२ दाखविला. दादांनीं चष्मा पुसून आंकडा पुन्हां पाहिला, "खाल्लें तरी काय मीं?" असें स्वतःशींच पुटपुटले, आणि तक्त्याबरहुकूम सहा युनिटें अधिक टोंचून घेतलीं.

त्या दिवशीं जेवणास उशीर झाला. मुंबईहून यावयाचे पाहुणे घाटांत खोळंबले होते, आणि पाहुण्यांवांचून पानावर बसावयाचें नाहीं ही आमच्या घरची जुनी रीत. दोनच्या सुमारास वहिनी पानें मांडल्याचें सांगावयास ओसरीवर गेल्या, तों दादा घामानें निथळत होते. हात कांपत होते. त्यांनीं वहिनींना आमच्या दिवंगत आत्याच्या नांवानें हांक मारली. वहिनींच्या किंकाळीनें घर गोळा झालें. दादांची नात औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षांत शिकते. ती सुटीसाठीं आली होती. तिनें प्रथम आजोबांचें बोट पाण्यानें धुऊन कोरडें केलें, मग टोंचलें. यंत्रानें ४४ दाखविले. दादा गिळूं शकत होते, म्हणून तिनें तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनीं पुन्हां बोट धुऊन पाहिलें, तेव्हां ७१. आणखी साखर दिल्यावर १०३. मग दादांना घांस भरविले.

संध्याकाळीं नातीनें विचारलें, "आजोबा, दुपारीं बोट टोंचण्याआधीं हात धुतले होते का?"

दादा उसळले. "कोणाला विचारतेस हें? मी सोंवळ्यांत होतों!"

ह्या एका उत्तरामुळें हा लेख लिहिण्यास मी बसलों आहें. घरोघरीं आतां हें लहानसें यंत्र आलेलें आहे. ग्लुकोमीटर ह्या नांवानें तें आजीबाईंच्याही तोंडीं आहे. तें घेतांना आपण किंमत पाहतों, पट्ट्यांचा भाव पाहतों. परंतु त्यानें सांगितलेला आंकडा केव्हां खरा मानावा आणि केव्हां मानूं नये, हें फारच थोडे लोक पाहतात. मी वैद्य नव्हे. शाळेंत छत्तीस वर्षें संस्कृत शिकविलेला आणि अडल्यावेळीं गणिताचाही तास घेतलेला साधा शिक्षक आहें. तेव्हां औषधाच्या मात्रेविषयीं मी एक अक्षरही सांगणार नाहीं. तें ज्याचें त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारावें. मापनाविषयीं मात्र चार शब्द सांगण्याचा अधिकार, दादांच्या त्या दुपारनंतर, मला आला आहे असें वाटतें.

आधीं थोडें गणित. यंत्रावरील १०० ह्याचा अर्थ, शंभर मिलिलिटर रक्तांत शंभर मिलिग्रॅम ग्लुकोज. म्हणजे एका मिलिलिटरांत एक मिलिग्रॅम. आतां यंत्राची पट्टी रक्त घेते किती? बहुतेक पट्ट्या एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी घेतात. तेव्हां त्या थेंबांतील ग्लुकोज झालें मिलिग्रॅमचा हजारावा भाग. खसखशीचा एक दाणा मिलिग्रॅमच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याइतका भरतो. त्या दाण्याचे तीनशें भाग करा, त्यांतला एक भाग उचला, एवढें ग्लुकोज बोटावर आधींच असून थेंबांत मिसळलें कीं १०० चे २०० झालेच! डोळ्यांना दिसत नाहीं, जिभेला लागत नाहीं, बोट चिकटही वाटत नाहीं. बाजूला हेंही ध्यानांत घ्या कीं निरोगी मनुष्याच्या साऱ्या पांच लिटर रक्तांत मिळून ग्लुकोज असतें अवघें पांच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. इतक्या सूक्ष्म व्यवहारांत आपण पंचामृताचा हात घालतों.

पंचामृतांतही खरा अपराधी साखर नसून मध आहे. यंत्राच्या पट्टीवर जें किण्व लाविलेलें असतें, तें फक्त ग्लुकोजला ओळखतें; आपली दाणेदार साखर हा वेगळा पदार्थ असून त्याचें ग्लुकोज पोटांत गेल्यावर होतें. परंतु मधाचा जवळजवळ तिसरा हिस्सा सुटें ग्लुकोजच असतो. द्राक्षें, पिकलेलीं केळीं ह्यांतही तें भरपूर. गुळांत थोडें असतें. म्हणून शिकरण कुसकरलेला हात, द्राक्षें निवडलेला हात, पंचामृत कालविलेला हात, हे तिन्ही हात यंत्रापुढें खोटी साक्ष देतात. औषधी ग्लुकोजची पूड रुग्णास भरविणाऱ्याचा हातही त्यांतलाच. त्याविषयीं पुढें सांगेन.

दादांची समजूत शब्दांनीं पटणारी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशीं मी त्यांच्यासमोर स्वतःचींच बोटें पुढें केलीं. मला मधुमेह नाहीं. साबणानें हात धुऊन, कोरडे करून बोट टोंचलें: ९७. मग उरलेल्या पंचामृताच्या वाटींत हात बुडवून, पूजेनंतर दादा पुसतात तसा पंच्याला पुसला आणि दुसरें बोट टोंचलें: ३१८. तिसरें बोट नातीनें स्पिरिटच्या कापसानें तीनदां पुसून टोंचलें: १८४. शेवटीं पुन्हां साबण, पुन्हां वाहतें पाणी, कोरडा रुमाल: १०१. चार पट्ट्या खर्ची पडल्या म्हणून वहिनी कुरकुरल्या, परंतु त्या पट्ट्यांइतके सत्कारणीं लागलेले रुपये ह्या घरांत थोडेच असतील. दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तो इन्सुलिनचा तक्ता घडी घालून पंचांगांत ठेविला आणि आंत गेले.

हा कांहीं आमचा शोध नव्हे. जपानांतील डॉक्टरांनीं २०११ सालीं असाच प्रयोग प्रसिद्ध केला आहे: निरोगी माणसांस फळें सोलावयास लावून मग त्यांचें रक्त तपासलें, तेव्हां आंकडे भलतेच चढले, स्पिरिटनें पुनःपुन्हां पुसूनही ते पुरते उतरले नाहींत, नळाच्या पाण्यानें हात धुतल्यावर मात्र ठिकाणावर आले. स्पिरिट जंतूंना मारतें, तें साखरेला धुऊन काढीत नाहीं. उलट तें पुरतें वाळलें नसेल तर थेंबांत मिसळून घोटाळा करितें. आमच्या तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत अजूनही कापसाचा बोळा फिरवूनच बोट टोंचतात. त्यांना बोलण्याची सोय नाहीं. आपण स्वतः उठून हात धुऊन यावें. प्रवासांत पाणी न मिळालें, तर पहिला थेंब कोरड्या कापसानें टिपून टाकून दुसरा घ्यावा. तथापि ही आपद्धर्माची गोष्ट झाली. हात धुतलेले असतील तर पहिला थेंब पुरे.

येथें माझ्या संस्कृताची खोड आड येते. वाचकांनीं क्षमा करावी. नैयायिकांनीं भ्रमाचें उदाहरण म्हणून शिंपीवर भासणाऱ्या रुप्याची चर्चा शेंकडों वर्षें केली. शिंपी चकाकते, आणि पाहणारा तिला रुपें समजतो. चूक डोळ्यांची असेल, अंतराची असेल, प्रकाशाची असेल किंवा पाहणाऱ्याच्या लोभाची असेल; पण शिंपी कांहीं खोटें बोलली नाहीं. यंत्राचेंही असेंच आहे. बोटावरच्या मधाचा आंकडा त्यानें बरोबर सांगितला. तो रक्ताचा आहे असें आपण मानलें.

हाताखालोखाल दोष पट्ट्यांचा, आणि आमच्या कोंकणांत तर तो हातापेक्षांही मोठा ठरावा. पट्टीवरील किण्व हा नाजूक पदार्थ. त्याला दमट हवा आणि उष्णता दोन्ही सोसत नाहींत. म्हणून पट्ट्यांच्या डबीच्या आंत ओल शोषणारा पदार्थ बसविलेला असतो. डबी उघडी टाकली, किंवा चार चार पट्ट्या कागदांत गुंडाळून प्रवासाच्या पिशवींत घातल्या, कीं त्या पदार्थाचा उपयोग संपला. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत पापडही मऊ पडतात. तेथें पट्टीची काय कथा! एका पावसाळ्यांत दादांची डबी मोरीजवळच्या फळीवर असे, आणि झांकण नीट बसलें आहे कीं नाहीं हें कोणीच पाहत नसे. त्या महिन्यांतले आंकडे पाहिले तर कोणतें बोट खरें हेंच कळत नाहीं. एका जाणत्या शेजाऱ्यानें सुचविलें म्हणून आम्हीं मग डबी फ्रिजमध्यें इन्सुलिनच्या शेजारीं ठेविली, हीही चूकच. थंड डबी बाहेर काढून उघडली कीं आंत दंव धरतें. डबी घरांतील कोरड्या, सावलीच्या कपाटांत ठेवावी, पट्टी कोरड्या हातानें काढावी, झांकण लगेच घट्ट लावावें. डबीवर मुदतीची तारीख छापलेली असते ती तर पाहावीच. परंतु डबी उघडल्यानंतर किती महिने चालते हेंही पुष्कळ डब्यांवर निराळें लिहिलेलें असतें, आणि तें कोणी वाचीत नाहीं. डबी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावरच शाईनें लिहून ठेवावी.

यंत्र व पट्टी यांची परीक्षा घेण्याचेंही साधन आहे. ठराविक ग्लुकोज असलेला द्राव लहान कुपींत मिळतो; दुकानदार त्याला कंट्रोल सोल्युशन म्हणतात. रक्ताऐवजीं त्याचा थेंब पट्टीला लावावयाचा, आणि आंकडा डबीवर छापलेल्या दोन मर्यादांच्या आंत येतो कीं नाहीं तें पाहावयाचें. तो ज्या त्या यंत्राचाच असावा लागतो. आमच्याकडील औषधांच्या दुकानांत तो मागितला तर दुकानदार आश्चर्यानें पाहतो, पण मागविल्यास येतो.

आतां टोंचण्याविषयीं. बोटाच्या मधल्या गादीवर टोंचूं नये; तेथें दुखतें अधिक, आणि जपमाळ ओढतांना, पेटी वाजवितांना, नुसती गाठ सोडतांनाही तें जाणवत राहतें. बोटाच्या कडेला टोंचावें. आंगठा व तर्जनी शक्यतों वर्ज्य. हात गार पडले असतील तर कोमट पाण्यानें धुवावे आणि हात खालीं सोडून क्षणभर हालवावा. रक्त आपण होऊन येतें. तें येत नाहीं म्हणून गाईच्या सडासारखें बोट पिळण्याची चाल आहे, ती मोडावी. पिळल्यानें मांसांतील पाणी थेंबांत उतरतें आणि रक्त पातळ होतें. ओल्या बोटानेंही तेंच होतें. मधाच्या हातानें आंकडा चढतो तसा ओल्या हातानें तो उतरतो. आणि उतरलेला आंकडा गोड वाटत असल्यामुळें त्याची शंका कोणी घेत नाहीं!

एकत्र कुटुंबांत आणखी एक जपण्याची गोष्ट आहे. आमच्या घरीं यंत्र एक आणि रोगी तीन: दादा, वहिनी, आणि दोन नंबरच्या काकू. यंत्र सर्वांत मिळून असावयास एक वेळ चालेल. पण टोंचण्याची सुई आणि ती बसविण्याची लेखणी ज्याची त्याचीच हवी. सुई बदलली तरी लेखणीच्या टोंकाला रक्ताचा अंश राहतो, आणि अशा सामाइक टोंचणीमुळें हेपॅटायटिस बी ह्या यकृताच्या रोगाची लागण झाल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत. आम्हीं तीन लेखण्यांना तीन रंगांचे दोरे बांधले आहेत. वापरलेल्या सुया कचऱ्यांत टाकूं नयेत. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत सांठवून दवाखान्यांत द्याव्या.

इतकें सारें केल्यावर तरी आंकडा तंतोतंत खरा येतो काय? नाहीं; आणि तशी अपेक्षाच नाहीं. घरगुती यंत्रांसाठीं २०१३ सालापासून जें आंतरराष्ट्रीय प्रमाण लागू आहे, त्याप्रमाणें शंभरांतील पंचाण्णव आंकडे, साखर १०० च्या खालीं असतां खऱ्या मूल्याच्या १५ मिलिग्रॅम अलीकडे-पलीकडे, आणि १०० वा त्याहून अधिक असतां शेंकडा १५ अलीकडे-पलीकडे आले म्हणजे यंत्र उत्तीर्ण. म्हणजे प्रयोगशाळेंत २०० भरेल तें यंत्रावर १७० किंवा २३० दिसलें तरी यंत्र निर्दोष! आमच्या काकू लागोपाठ दोन बोटें टोंचतात, एकदां १४८ आणि एकदां १५९ येतात, आणि "मेलें यंत्र बिघडलें" म्हणून दिवसभर कष्टी होतात. त्या दोन आंकड्यांत वस्तुतः कांहींच फरक नाहीं. दादांच्या १२६ आणि ३४२ मध्यें मात्र होता, आणि नेमका तोच त्यांनीं निमूटपणें खरा मानला. माझें सारें सांगणें ह्याच ठिकाणीं येऊन थांबतें: आंकडा अनपेक्षित आला, देहाची स्थिति व आंकडा यांचा मेळ बसेना, तर त्यावरून औषध घेण्यापूर्वीं साबणानें हात धुऊन, दुसऱ्या बोटानें, तो पुन्हां घ्यावा. पंधरा-वीस रुपयांची एक पट्टी जाईल.

ह्याला एकच अपवाद. घाम सुटला, हात कांपूं लागले, बोलणें भरकटलें, तर यंत्राशीं वाद घालीत बसूं नये. ७० च्या खालीं साखर गेली कीं ती उणी समजतात. अशा वेळीं शुद्धीवर असलेल्या मनुष्यास तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यांतून द्यावी आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां पाहावें. गिळतां येत नसेल तर तोंडांत कांहीं न घालतां दवाखाना गांठावा. ग्लुकोजच्या पुडीचा हात वर सांगितला तो ह्यासाठीं: पूड भरवितांना ती रोग्याच्या आणि आपल्या बोटांना लागते, आणि पंधरा मिनिटांनीं न धुतलेल्या बोटांतून यंत्र १८० सांगतें. घरचे लोक निर्धास्त होतात, आणि रोग्याची खरी साखर अजून ५० वरच असते.

प्रयोगशाळेशीं यंत्र ताडून पाहावें, असें डॉक्टर सांगतात. परंतु लोक तें अशा रीतीनें पाहतात कीं त्यांतून कांहींच निष्पन्न होऊं नये. सकाळीं सातला घरीं बोट टोंचतात, दहाला शिरेंतलें रक्त देतात, आणि दोन आंकडे जुळत नाहींत म्हणून यंत्रास दोष देतात. शिरेंतून रक्त काढलें कीं लगेच, पांच मिनिटांच्या आंत, त्याच ठिकाणीं बसून बोट टोंचावें. आणि तें उपाशीपोटींच करावें. जेवणानंतर बोटांतलें रक्त शिरेंतल्या रक्तापेक्षां अधिक गोड असतें, पांचव्या हिश्श्यापर्यंत देखील; तो निसर्गाचाच क्रम आहे. शिवाय नळींत भरलेलें रक्त जिवंत असतें. त्यांतील पेशी साखर खात राहतात, आणि साधी नळी तशीच पडून राहिली तर दर तासाला शेंकडा पांच-सात साखर कमी होते. त्यासाठीं फ्लोराइड घातलेली निराळी नळी असते, तिचें बूच बहुधा राखी रंगाचें. तथापि पहिल्या तास-दोन तासांतली घट तिनेंही पुरती थांबत नाहीं. म्हणून गांवांतून गोळा करून दुपारीं शहरांत पोंचविलेल्या रक्ताचा आंकडा कमी आला, तर हर्ष मानूं नये.

बायकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. रक्त फिकें असलें, म्हणजे त्यांत तांबड्या पेशी कमी असल्या, तर पुष्कळ यंत्रें साखर आहे त्याहून अधिक दाखवितात. आपल्या घरांतील किती स्त्रियांचें रक्त तपासलें जातें? वहिनींचे आंकडे सारखे चढे येत, त्या जेवण कमी करीत, आणि अधिकच अशक्त होत. अखेर हिमोग्लोबिन पाहिलें तेव्हां तें आठ निघालें. त्यांचा मधुमेह खरा होता, पण यंत्र त्याला फुगवीत होतें, आणि त्या स्वतःला उपाशी ठेवून तें फुगणें वाढवीत होत्या.

वेळेचा घोटाळाही बायकांचाच अधिक होतो. 'जेवणानंतर दोन तास' हे दोन तास पहिल्या घांसापासून मोजावयाचे, आंचवल्यापासून नव्हे. एकत्र कुटुंबांत पुरुषांची पंगत बारा वाजतां बसते आणि वाढणाऱ्या बायका दीड वाजतां बसतात. वहिनी दोन वाजतां सर्वांच्या बरोबर बोट पुढें करीत. ती तपासणी दोन तासांची नव्हेच, अर्ध्या तासाची! आतां फळ्यावर खडूनें ज्याच्या त्याच्या पहिल्या घांसाची वेळ लिहितों. 'उपाशीपोटीं' म्हणजे आठ तास पाण्यावांचून कांहीं नाहीं. पहांटेचा अर्धा कप चहा हा आमच्याकडे खाण्यांत धरीत नाहींत, तो धरावा.

वहीविषयीं लिहितांना मला शाळेची आठवण येते. दादांची नोंदवही एकदां मीं चाळली, आणि पाहतांक्षणींच ओळखलें कीं ही वही घरीं बसून एका बैठकींत लिहिलेली आहे. पंधरा दिवस एकच शाई, एकच तिरकस वळण, आणि सारे आंकडे १२० व १४० च्या मध्यें, बहुतेक शून्यांत किंवा पांचांत संपणारे! असा निबंध मीं हजारदां तपासला आहे. डॉक्टर रागावतात म्हणून थोर माणसेंही हें करितात. अमेरिकेंत १९८४ सालीं कांहीं रोग्यांना आंकडे आपोआप सांठविणारीं यंत्रें, तसें न सांगतां, देण्यांत आलीं. त्यांच्या वह्या आणि यंत्राची आठवण यांत पुष्कळ अंतर पडलें, आणि चुका बहुधा चांगलें दिसण्याच्या बाजूला होत्या. आतांचीं यंत्रें सर्व कांहीं ध्यानांत ठेवतात, शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आहे. ती सात आली तर सरासरी साखर १५४ च्या आसपास असते. वहींत १२० ची रांग आणि तपासणी नऊ, हा ताळा जमत नाहीं. दादांना मीं एवढेंच म्हटलें, "दादा, तुमचें अक्षर फार सुंदर आहे." ते समजले.

परदेशांतल्या यंत्राचीही एक गंमत होऊन गेली. पुतण्यानें विलायतेहून पाठविलेलें यंत्र काकूंनीं लाविलें, आणि तें म्हणालें ८.२. काकू "साखर संपली गो माझी!" म्हणून आडव्या झाल्या, आणि कोणीतरी पेढा पुढें केला. तिकडे मोजण्याचें परिमाण निराळें आहे. तेथल्या आंकड्याला अठरांनीं गुणलें म्हणजे आपला आंकडा येतो. ८.२ म्हणजे सुमारें १४८. पेढा अर्थातच मुलांनीं खाल्ला.

हें सर्व कटकटीचें वाटेल, तेव्हां मी वडिलांचे दिवस आठवतों. चरकाच्या निदानस्थानांत प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत, शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांवतात असें चिन्ह सांगितलें आहे. वडिलांच्या काळीं मुंग्यांची जागा बेनेडिक्टच्या निळ्या द्रावानें घेतली होती. सकाळीं न्हाणीघराबाहेर स्पिरिटचा दिवा लागे, परीक्षानळींत निळा द्राव उकळे, त्यांत मूत्राचे थेंब पडत, आणि आम्ही मुलें रंग काय होतो तें टक लावून पाहत असूं: हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. परंतु रक्तांतील साखर साधारण १८० च्या वर गेल्यावांचून ती मूत्रांत उतरत नाहीं. म्हणून निळा रंग निळाच राहिला तर साखर १७० आहे कीं ४० आहे, हें कळावयास मार्ग नव्हता. रिचर्ड बर्नस्टीन हे अमेरिकन अभियंते स्वतः मधुमेही; १९६९ सालीं रक्त तपासण्याचें यंत्र फक्त डॉक्टरांनाच मिळे, म्हणून त्यांनीं आपल्या डॉक्टर पत्नीच्या नांवानें तें मागविलें आणि घरीं स्वतःचें बोट टोंचूं लागले. पुढें, लोक आपलें ऐकत नाहींत असें पाहून, चाळिशी उलटल्यावर ते वैद्यकीय महाविद्यालयांत गेले आणि डॉक्टर झाले. आपल्या झोंपाळ्यावरचें यंत्र त्या यंत्राच्या वंशांतलें आहे.

आतां दंडाला चिकटविण्याची चकती निघाली आहे. ती दिवसरात्र साखर सांगते. ती रक्त पाहत नाहीं, पेशींमधील पाणी पाहते, म्हणून साखर भराभर चढत वा उतरत असतां ती कांहीं मिनिटें मागें असते. शंका आली तर बोटच टोंचावें. पण त्वचेला न टोंचतां साखर सांगणारें घड्याळ किंवा आंगठी कोणी विकूं लागला, तर घेऊं नये. अशा एकाही वस्तूला आपण मान्यता दिलेली नाहीं, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला आहे. आमच्या धाकट्या भाच्यानें दादांसाठीं तसलें घड्याळ आणलें होतें. तें ओसरीवरच्या खांबाला बांधलें, तरी त्यानें खांबाची साखर ११२ सांगितली.

श्रावणी सोमवारच्या साबणावरून घरांत थोडी चर्चा झाली. सोंवळ्यांत साबणाला कसें शिवावें, हा दादांचा आक्षेप. निकाल वहिनींनीं लावला: नैवेद्य झाला, तीर्थ वांटलें, कीं सोंवळें सोडावें, मग मोरीवर हात धुवावे, आणि मग झोंपाळा. आतां दादा धुतलेले हात पुढें धरून ओसरीवर येतात, आणि नात घरीं असली तर आधीं तिला दाखवितात. गेल्या श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं आंकडा १३४ आला. पाहुणे यावयाचे होते. पण दादांचें पान वहिनींनीं त्यांच्यासाठीं न थांबतां वाढलें.